काटा लावला की तार तुटते!



उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधून एका वाचकाचे पत्र आले आहे. घर बदलापूरकडच्या गावात. धाकटा भाऊ कॅम्पात पेंड-भुशाचे दुकान चालवतो. दुकानात विंडोज ९८ चे तीन जुने कॉम्प्युटर तारेने एकमेकांना जोडलेले. वजन आपोआप बिलात उतरावे म्हणून इलेक्ट्रॉनिक काटा जोडला, त्याचा प्रोग्राम घातला. तेव्हापासून काटा चालू केला की बाकीची दोन यंत्रे दिसेनाशी होतात. दुरुस्तीवाल्याने प्रोग्राम दोनदा काढून पुन्हा घातला. आता म्हणतो, नवे यंत्र घ्या.

भाऊ, पैसे काढू नका. प्रोग्राम बहुधा निर्दोष आहे.

डेअरीत दोघा सभासदांना चुकून एकच नंबर पडला तर एकाचे दूध दुसऱ्याच्या खात्यावर चढते. इथे तेच झालेले दिसते. कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला 'इकडे लक्ष द्या' अशी हाक मारायला एक नंबर असतो; त्याला आयआरक्यू म्हणतात. १९८४ च्या आयबीएम एटी यंत्रापासून असे नंबर १६, म्हणजे ० ते १५. काटा सहसा कॉम २ या पोर्टावर लावतात. त्याचा नंबर ३. जुनी नेटवर्क कार्डेही पुष्कळदा ३ वरच लावलेली असतात. काटा नव्हता तोवर कॉम २ झोपलेले होते, म्हणून भांडण नव्हते. दुरुस्तीवाल्याला हे सुचू नये, याचे मात्र नवल वाटते.

आधी हिशोबाची नक्कल दुसरीकडे काढा. गोठेवाल्यांची सारी उधारी त्याच यंत्रात आहे, ती गेली तर मागणार कोणाकडे? मग डिव्हाइस मॅनेजर उघडून सर्वांत वरच्या 'कॉम्प्युटर' या नावावर दोनदा टिचकी मारा. नंबरांची यादी दिसेल. ३ समोर कॉम २ आणि नेटवर्क कार्ड अशी दोन नावे असली, तर रोग सापडला.

माऊसची पिन गोल असेल तर कॉम १ बहुधा मोकळे असते. काटा तिथे लावा आणि प्रोग्रामलाही तसे सांगा. त्याचा नंबर ४. माऊस कॉम १ वरच असेल, तर कार्डाला १० किंवा ११ द्या. काही कार्डांवर त्यासाठी बारीक टोपणे असतात, काहींना सोबतच्या फ्लॉपीतून नंबर देतात. कार्डाला हात लावण्याआधी प्लग उपटा, जुना नंबर कागदावर लिहा, आणि एका वेळी एकच बदल करा.

कार्ड लांब काळ्या खाचेत असेल तरच ही कटकट. आखूड पांढऱ्या खाचेतली कार्डे बहुतेक वेळा आपली आपण जुळवून घेतात. जमल्यास तसले जुने कार्ड मिळवा, ते स्वस्तात पडेल.

आणखी एक. विंडोज ९८ ची सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने जुलै २००६ मध्येच थांबवली. ही तीन यंत्रे आपसात जोडलेली असू द्या, इंटरनेटला मात्र लावू नका.

यादीत ३ समोर काय निघाले ते पत्राने कळवा.