परवाना शस्त्राचा, कसोटी कायद्याची

बीड जिल्ह्यातील मस्साजोग गावच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण हत्या झाली आणि अवघा महाराष्ट्र हादरला. त्या तपासाच्या गदारोळात आणखी एक वास्तव उघडे पडले. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिले गेले होते आणि परवानाधारकांत गुन्हे नोंद असलेली मंडळीही होती. लोकक्षोभ उसळल्यावर फेरतपासणी झाली व अनेक परवाने रद्द करण्यात आले. कारवाई झाली हे योग्यच. परंतु जे काम प्रशासनाने नित्यनेमाने करावयाचे, त्यासाठी समाजाला रस्त्यावर यावे लागावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ९ स्पष्ट आहे. हिंसेच्या वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीला, शिक्षा संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत बंदूक विकत घेता येत नाही, जवळ बाळगता येत नाही आणि घेऊन फिरताही येत नाही. अशा व्यक्तीचा परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ ने परवाना अधिकाऱ्याला दिला आहे. परवाना गेल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. तरतुदींची उणीव नाही. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

खरा पेच पाच वर्षे उलटल्यानंतर सुरू होतो. तेव्हा कलम ९ चा अडसर दूर होतो, पण म्हणून परवान्याचा हक्क निर्माण होत नाही. ‘कोणत्याही कारणास्तव अपात्र’ असलेल्या अथवा ज्याच्यामुळे सार्वजनिक शांतता व सुरक्षितता धोक्यात येते, अशा इसमाचा परवाना रद्द करण्याची मुभा कलम १७ मध्ये आहेच. मात्र ती वापरताना अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत, असे बंधनही त्याच कलमात आहे. वीस वर्षांपूर्वीची एक शिक्षा आणि त्यानंतरचे निष्कलंक आयुष्य, हे एक प्रकरण. शिक्षा भोगून आल्यावरही गावावर धाक जमवून बसलेला गुंड, हे दुसरे. दोघांना एकाच छापील नमुन्यातील आदेशाने निकालात काढणे हा न्यायही नव्हे आणि शहाणपणही नव्हे.

येथेच प्रशासनाची घाई गुंडांच्या पथ्यावर पडते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने केवळ फौजदारी खटला प्रलंबित आहे एवढ्यावरून परवाना रद्द करता येत नाही, असे वारंवार बजावले आहे. संबंधिताकडून सार्वजनिक शांततेला प्रत्यक्ष धोका काय, हे आदेशात दिसले पाहिजे. ते दिसले नाही की कलम १८ खालील अपिलात वा उच्च न्यायालयात आदेश कोसळतो आणि तीच बंदूक, आता न्यायालयाच्या शिक्क्यानिशी, त्याच कमरेला लटकते. वर्तमानपत्रांतील मथळ्यांसाठी काढलेला आदेश मथळ्यांबरोबरच विरतो. कारणांवर उभा असलेला आदेश मात्र टिकतो.

कारणांचा हा आग्रह कोणाला तांत्रिक वाटेल. त्यांनी इतिहास आठवावा. १८७८ च्या लिटनच्या कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. साहेबाची मर्जी हाच तेव्हा निकष होता. स्वतंत्र भारताने तो कायदा मोडीत काढून १९५९ चा अधिनियम केला, तो मर्जीच्या जागी नियम यावा म्हणून. आज साहेबाच्या जागी स्थानिक पुढाऱ्याची शिफारस बसणार असेल, तर आपण मिळवले काय?

अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेत नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये लक्ष वेधले. परवाना हा विश्वास आहे, आणि विश्वासाची वेळोवेळी परीक्षा व्हावी लागते. पूर्वी नूतनीकरणाच्या निमित्ताने ती दर तीन वर्षांनी होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने हा अवधी पाच वर्षांचा झाला. एवढ्या काळात माणूस गुन्हा करून, शिक्षा होऊन, जामिनावर बाहेर येऊन पुन्हा गावात मिरवू शकतो. म्हणूनच दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात परवान्यांची यादी न्यायालयांच्या निकालांशी ताडून पाहिली पाहिजे. शिक्षा एका जिल्ह्यात आणि परवाना दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर निकालाची प्रत परवाना कार्यालयात पोहोचविण्याची जबाबदारी निश्चित झाली पाहिजे. अपिलात शिक्षाच रद्द झाली, तर त्याचीही दखल तितक्याच तत्परतेने घेतली पाहिजे.

रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी, आडवाटेच्या वस्तीवर राहणारे कुटुंब, रोख रकमेची ने-आण करणारा व्यापारी यांची गरज खरी आहे. गुंडाच्या कमरेचे पिस्तूल त्यांच्या अर्जावरही संशयाची सावली टाकते. सज्जनाला निर्भय करणे आणि दुर्जनाला निःशस्त्र करणे ही शासनाची एकच जबाबदारी आहे. ती पार पाडण्यासाठी नव्या कायद्याची नव्हे, तर आहे तो कायदा डोळे उघडे ठेवून वर्षभर राबविण्याची गरज आहे. पुढील हत्येची वाट पाहणे महाराष्ट्राला परवडणारे नाही.