पोरी मोजता, रक्त कधी मोजणार?

नेकनूरच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी एक बाई. सहाव्यांदा गरोदर. पदरी चार मुली, पाचवं मूल जन्मून चार दिवसांत गेलेलं. सातवा महिना लागला तरी तपासणी नाही. गावात स्त्री रुग्णालय आहे, मग का जात नाही, असं मी विचारलं. मागचं बाळंतपण ऊसतोडीला गेल्यावर परमुलखात झालं होतं. तिथल्या दवाखान्यातली बोलणी तिच्या मनात घर करून होती. म्हणाली, “ताई, आधी पोरी मोजतेत. मग हासतेत. रक्त कोन बघतंय?”

तिला सोबत घेऊन गेले. हिमोग्लोबिन सात ग्रॅम निघालं. गरोदरपणी ते निदान अकरा हवं.

मैत्रिणींनो, हा हसण्याचा विषय नाही, मरणाचा आहे. 2018 च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, माजलगावला, सात मुलींची आई दहाव्या खेपेला रक्तस्रावानं गेली. बाळही गेलं. पुढच्याच वर्षी जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका बाईच्या विसाव्या गरोदरपणाची बातमी झाली. आकड्याचं सगळ्यांना नवल वाटलं. तिची पाच मुलं जन्मल्यावर काही तासांत, काही दिवसांत दगावली होती, हे किती जणांच्या लक्षात राहिलं?

बाळ आणि वार बाहेर पडल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळतं, म्हणून रक्त थांबतं. अनेक बाळंतपणांनी ताणलेलं गर्भाशय नीट आवळेलच असं नाही. वार खाली असण्याचा, मूल आडवं येण्याचा धोकाही वाढतो. रक्त वाहू लागलं तर दोन तासांतही बाई जाते. मुळात अंगात रक्त कमी असेल तर आणखी लवकर. दोन बाळंतपणांत अंतर नसलं की बाळ अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं होण्याची भीती. म्हणजे पाचव्या-सहाव्या खेपेला काळजी जास्त हवी. पण मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या मुलासाठी, आणि 2022 पासून दुसरी मुलगी झाली तर तिच्यासाठी. त्यापुढे बाईच्या वाट्याला फक्त बोलणी.

ती हौसेनं का बाळंत होते? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली 807. एका घरात मुलगी नको म्हणून गर्भ पाडायला लावतात, दुसऱ्या घरात मुलगा होईपर्यंत बाळंतपणं चालू ठेवतात. हव्यास एकच, किंमत बाईच्या शरीरानं मोजायची. थांबायचं ठरलं तरी शस्त्रक्रिया तिचीच. त्याच पाहणीत महाराष्ट्रात स्त्रियांची नसबंदी 49 टक्के, पुरुषांची अर्धा टक्कासुद्धा नाही.

गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्रात आला, तो आपल्या चळवळीच्या रेट्यानं. पण मुलींना जन्म देत राहिलेल्या बाईच्या पाठीशी आपण किती उभ्या राहिलो? मी समाजकार्याची पदवी घेऊन इथं आले, तेव्हा पहिल्याच बैठकीत छोट्या कुटुंबाचा तक्ता लावला. सहा लेकरांची आई मधूनच उठून गेली. तिचं उठून जाणं मला आज कळतं.

म्हणून आपल्या गटांनी काही गोष्टी धराव्यात. चार बाळंतपणं झालेली प्रत्येक गरोदर बाई आशाताईच्या यादीत जोखमीची म्हणून असावी. ऊसतोडीला निघण्याआधी तिचं रक्त तपासून व्हावं. बाळंतपण रक्ताची सोय असेल तिथंच व्हावं. तिला टाकून बोलणाऱ्याला आपण जाब विचारावा. नसबंदीचं बोलणं आधी नवऱ्याशी व्हावं; मूल हवं की नको, हा निर्णय मात्र तिचा.

त्या भाजीवालीला पाचवी मुलगी झाली. दोन किलोही भरली नाही. रक्त खूप गेलं, पण रक्ताची पिशवी आधीच तयार ठेवली होती. दोघी वाचल्या. नवऱ्याशी आमचं बोलणं अजून चालू आहे.