पाचशेतला बीट

“भाऊ, पाचशेत बीट दे ना, मी आपलाच पोरगा आहे.” रात्री साडेअकराला मेसेज आला, तेव्हा मी त्याच बीटमधली हलगी चौथ्यांदा कापत होतो. कातड्याची शेवटची थरथर कापली गेली की ठेका एकदम कोरडा वाजतो.

पाचशेला माझी ना नाही. एमपी३ घे, गाणं काढ. पण तोच बीट मी आणखी दहा जणांना देणार. ही भाड्याची खोली. एकट्यालाच हवा असेल, ड्रम वेगळे, बास वेगळा अशा सुट्या फाइल्ससकट, तर पंधरा हजार. पोरांना भाडं पाचशेच द्यायचं असतं, थाट मात्र घरमालकाचा.

मीही एकदा तोंडी बोलीवर बीट दिला. गाणं चाललं, खाली माझं नाव नाही. आता चार ओळींचा का होईना, कागद करतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात.

‘ओल्ड टाउन रोड’ या गाण्याचा बीट रॅपर लिल नास एक्सनं नेदरलँड्सच्या यंगकिओ या बीटमेकरकडून तीस डॉलरला घेतला. २०१९ मध्ये गाणं बिलबोर्डवर १९ आठवडे पहिलं होतं. घासाघीस करताना हेच उदाहरण मला ऐकवतात. अरे, पण त्या गाण्यावर यंगकिओचं नाव आहे!

त्या पोराला लिहिलं: पाचशे चालतील, माझं नाव कुठे टाकणार ते सांग. दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही.