जुनें घर आणि सिमेंटची जोड

कोंकणांतील वडिलोपार्जित घरास नवी जोड देण्याचा विषय हल्लीं बहुतेक कुटुंबांत निघतो, आणि तो बहुधा गणपतीच्या दिवसांत निघतो. मुंबई-पुण्याचे भाऊ, सुना, नातवंडें सर्व जमलीं, माजघरांत निजण्यास जागा पुरेनाशी झाली, न्हाणीघरापुढें रांग लागली, कीं कोणी तरी म्हणतो, "बाजूस दोन खोल्या काढूं, वर स्लॅब टाकूं." पांच दिवसांच्या गैरसोयीवर तोडगा ठरतो, उरलेले ३६० दिवस तो भोगावयाचा कोणी, हें विचारण्याचें राहून जातें.

जुन्या घराचा चिराही हलवूं नये असें म्हणणाऱ्या भाविकांच्या पंगतीस आम्ही बसत नाहीं. हे गृहस्थ स्वतः शहरांतील सदनिकेंत सर्व सुखसोयी भोगतात, आणि म्हाताऱ्या काकूनें मात्र भर पावसांत विजेरी घेऊन परसांतील शौचकूपाकडे जावें, यांत त्यांस संस्कृतीचें रक्षण दिसतें. शिवाय ज्या मंगलोरी कौलांस ते परंपरा म्हणतात तीं तरी किती जुनीं? बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला तो १८६५ सालीं. त्यापूर्वीं आपल्या घरांवर नळीचीं कौलें होतीं, नाहीं तर गवत होतें. आपलीं घरें वाढतच आलीं आहेत. माजघरापुढें ओटी झाली, ओटीपुढें पडवी ओढली, मागें स्वयंपाकघर काढलें.

पण त्या वाढीस एक शिस्त होती. पडवीचें छप्पर मूळ छपराच्या वळचणीखालून निघून तोच उतार पुढें नेई, आणि पाणी घरापासून दूर पडे. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. इतक्या पावसाखालीं सपाट गच्ची जुन्या भिंतीस भिडवावयाची म्हणजे कौलांचें पाणी एका सांध्यावर आणून सोडावयाचें. त्या सांध्यांत पत्र्याची पन्हळ बसवितात; ती आंब्याच्या पाल्यानें तुंबते आणि पाणी भिंतींत उतरतें. भिंत जांभ्याची. तो सच्छिद्र दगड पावसांत पाणी पितो व उन्हांत सोडतो. नव्या खोल्यांशीं मेळ बसावा म्हणून तिला आंतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, कीं प्यालेलें पाणी आंतच अडकतें. पुढें गिलावा फुगून सुटतो, आणि दोष मात्र जुन्या भिंतीस!

समुद्रकांठीं स्लॅबचीही धडगत नसते. हवेंतील क्षार आंत शिरून सळई गंजते, गंजलेलें लोखंड फुगतें, आणि ढलप्या पडूं लागतात. वाळू खाडीची व न धुतलेली असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आंत. मग गळक्या स्लॅबवर लोखंडी चौकट उभारून पत्र्याचें उतरतें छप्पर घालतात. असलीं छपरें गांवोगांव पाहावयास मिळतात. उतार परत आलाच. मधल्या मध्यें स्लॅबचे पैसे गेले.

येथें आम्हांस निसर्ग वादळाचा दाखला देतात. ३ जून २०२० रोजीं तें श्रीवर्धनच्या पट्ट्यांत किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां कौलें आणि पत्रे उडाले, स्लॅब राहिले. हें खरें आहे, आणि त्या दिवशीं शेजारच्या स्लॅबखालीं जीव मुठींत धरून बसलेल्यांस आम्ही कौलांचें काव्य ऐकविणार नाहीं. पक्क्या छताची एक खोली जरूर असावी. ती मागील अंगास, स्वतःच्या पायावर, जुन्या भिंतीपासून चार हात सोडून बांधावी. न्हाणीघर व शौचकूप तिच्यांतच घ्यावें, आणि मध्यें उतरत्या छपराची वाट ठेवावी. भरतीरेषेजवळच्या घरांस मात्र एवढेंही जमेल असें नाहीं. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणें ग्रामीण भागांतील विकासनिषिद्ध पट्ट्यांत अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी करतां येते, पण जोत्याचें क्षेत्र वाढवितां येत नाहीं.

खरी गोम निराळीच आहे. घर असतें सामाईक. जो भाऊ पैसे घालतो त्याच्या त्या खोल्या, त्यांस स्वतंत्र दार, दारास कुलूप, आणि किल्ली मुंबईस. न बोलतां केलेली ही वांटणीच होय. त्या बंद खोल्यांनीं पडवीचा वारा अडतो, माजघरांत भर दुपारीं दिवा लावावा लागतो. आणि जो भाऊ गांवीं राहून बाग पाहतो, दर वैशाखांत घर शाकारतो, त्यास विचारतात तें आराखडा पुरा झाल्यावर. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आराखडा काढणाऱ्यानें आषाढांत चार दिवस त्या घरांत राहावें, आणि जीं माणसें तें बारमाही राखतात त्यांचा होकार आधीं घ्यावा. त्यांनीं "आम्हांस खोल्या नकोत, स्वयंपाकघरास एक खिडकी द्या आणि शाकारणीचा खर्च सर्वांनीं वांटून घ्या," असें म्हटलें, तर भाऊबंदांची तयारी आहे काय?