विश्लेषण : शहापूर-मुरबाडला हरित वीज नको आहे का?

कसारा लोकलने आटगावला उतरून तानसाच्या रस्त्याला लागले की काही किलोमीटरवर मुंबईची तहान भागवणारा तलाव लागतो. तानसा धरण १८९२चे. याच शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून मुंबईला जवळपास निम्मे पाणी जाते. तरीही तालुक्यातल्या कित्येक गाव-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आता याच डोंगररांगेत पाण्यापासून वीज साठवणाऱ्या प्रकल्पांची चर्चा आहे. असा प्रकल्प म्हटला की ‘स्थानिक विरोध करणारच’ हे आधीच गृहीत धरले जाते. पण इथल्या माणसांना हरित वीज नको आहे, असा अर्थ काढणे कितपत बरोबर आहे?

नेमका विषय काय?

राज्यात सौरऊर्जा वेगाने वाढते आहे. दुपारी वीज भरपूर मिळते, पण मागणी वाढते ती संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर. दुपारची वीज रात्रीसाठी साठवायची तर बॅटरी हवी किंवा उदंचन जलविद्युत प्रकल्प हवा. अशा प्रकल्पाला दोन जलाशय लागतात, एक उंचावर आणि एक खाली. सह्याद्रीचा कडा त्यासाठी सोयीचा आहे. वर पठार, खाली कोकण आणि मध्ये काही शे मीटरची सरळ उतरण.

जेएसडब्ल्यू एनर्जीचा १,५०० मेगावॉटचा भावली प्रकल्प नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर प्रस्तावित आहे. मुरबाड तालुक्यात माळशेज घाट परिसराचे नावही अशा प्रकल्पांच्या यादीत अनेक वर्षे आहे. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने एनएचपीसीबरोबर चार ठिकाणच्या मिळून ७,३५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरबरोबर शिरवटा आणि भिवपुरी या दोन प्रकल्पांसाठी २,८०० मेगावॉटचा करार झाला.

उदंचन प्रकल्प काम कसा करतो?

याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाजवळ घाटघर प्रकल्पाचे खालचे धरण आहे. वरचे धरण कड्यावर, अकोले तालुक्यातल्या घाटघरला. दोन्हींच्या मध्ये डोंगराच्या पोटात भूमिगत वीजगृह आहे. १२५ मेगावॉटचे दोन संच, एकूण २५० मेगावॉट. जपानच्या कर्जसाहाय्यातून उभारलेला हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला.

वीज स्वस्त आणि मुबलक असताना खालचे पाणी पंपाने वर चढवायचे. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. १०० युनिट खर्च केले तर साधारण ७५ ते ८० युनिट परत मिळतात. म्हणजे हा प्रकल्प नवी वीज तयार करत नाही, वेळ बदलून देतो.

टँकरचा हिशेब केला तर हे लवकर समजेल. १० हजार लिटरचा एक टँकर ४०० मीटर उंचीवरून सोडला, तर त्यातून सुमारे १० युनिट वीज मिळते. १,५०० मेगावॉट आठ तास चालवायचे असतील तर १ कोटी २० लाख युनिट लागतात. तेवढ्याच उंचीवर त्यासाठी ढोबळमानाने १,२०० कोटी लिटर पाणी लागेल. मुंबईला तीन दिवस पुरेल एवढे. हे पाणी एकदा भरले की पुन्हा पुन्हा वापरता येते, नंतर फक्त बाष्पीभवन आणि गळतीची भर घालावी लागते. पण पहिली भरणी कोणत्या पावसातून आणि कोणाच्या वाट्यातून होणार, हा प्रश्न उरतोच.

मग हरकत कशाला?

हरकतींचे तीन थर आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो.

पहिला थर पाण्याचा. भावली धरणातून शहापूरच्या टंचाईग्रस्त गावांना पाणी आणणाऱ्या नळ योजनेकडे लोक वर्षानुवर्षे डोळे लावून बसले आहेत. ज्या डोंगरातून विजेसाठी पाणी वर-खाली खेळवता येते, त्याच डोंगराच्या पायथ्याशी हंडा का भरत नाही, हा प्रश्न विचारायला कोणाला पर्यावरणशास्त्र शिकावे लागत नाही.

दुसरा थर जमिनीचा. इथे भातखाचरांच्या वर वरकस जमीन असते. नाचणी, वरई तिथेच पिकते. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली कुटुंबे जंगलालगत कसतात, मोहाची फुले आणि रानभाज्या गोळा करतात. यातली बरीच कसणूक सातबारावर नसते. कागदावर जी जमीन ‘वन’ किंवा ‘पडीक’ दिसते, ती प्रत्यक्षात कोणाच्या तरी वर्षभराच्या धान्याची सोय असते.

तिसरा थर विश्वासाचा. धरणे झाली, महामार्ग झाला, समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला. प्रत्येक वेळी ‘मोठ्या हिताचे’ कारण दिले गेले. आता हवामानबदलाचे कारण आहे. कारण खरे आहे, पण ऐकणाऱ्याला वाक्य जुनेच वाटते.

आधीच्या विरोधाने काय साधले?

विजेसाठीचा संघर्ष महाराष्ट्राला नवा नाही. टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह १९२१ मध्ये सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. धरण अखेर झाले, वीज मुंबईला गेली. ‘वीज कोणासाठी आणि पाण्याखाली कोण’ हा प्रश्न मात्र तेव्हापासून मागे लागला आहे.

मुरबाडचे काळू धरण विजेसाठी नव्हते, मुंबई महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी होते. वनजमिनीची मंजुरी नसताना काम सुरू झाल्याचा आक्षेप घेत श्रमिक मुक्ती संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने काम थांबले. हे आंदोलन ‘पाणी देणार नाही’ असे म्हणणारे नव्हते. नियमांचा क्रम पाळा, एवढीच मागणी होती. तो क्रम पाळला असता, तर धरणाचा खर्च आणि वेळ दोन्ही इतके अडकून पडले नसते.

डहाणूचा अनुभव वेगळा आहे. तिथले ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र विरोध होऊनही १९९०च्या दशकात सुरू झाले. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि त्याच्या पाठपुराव्यामुळे धुरातला सल्फर डायऑक्साइड कमी करणारी यंत्रणा तिथे बसवावी लागली. वीजही मिळाली आणि चिकूच्या बागांवरची टांगती तलवारही काही प्रमाणात दूर झाली. विरोध झाला म्हणून प्रकल्प बुडाला नाही, सुधारला.

सौर प्रकल्पांना असाच विरोध का होत नाही?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन विकत घेतली जात नाही. शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीलाही तीन वर्षे प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. गायरानाच्या वापरावरून काही ठिकाणी वाद आहेत, तरी व्यवहार लोकांना समजतो. जमीन नावावर राहते, पैसा दरवर्षी येतो आणि वीज त्याच भागातल्या शेतीपंपांना दिवसा मिळते.

आता उदंचनाचे पाहा. भावली प्रकल्पाची साठवणक्षमता महावितरणने ४० वर्षांसाठी घ्यायची ठरवली आहे. दर आहे प्रत्येक मेगावॉटला वर्षाला ८४.६६ लाख रुपये. १,५०० मेगावॉटचा गुणाकार केला तर ही रक्कम वर्षाला सुमारे १,२७० कोटी रुपये होते. दुसरीकडे, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या एप्रिल २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी नदीपात्राबाहेरच्या उदंचन प्रकल्पांना स्थानिक क्षेत्र विकास निधीची गरज नाही अशी भूमिका घेतली आहे. अशा प्रकल्पांचा पर्यावरणावर परिणाम अत्यल्प असतो आणि पुनर्वसनाचा प्रश्न येत नाही, हे त्यामागचे गृहीतक. दिल्लीत बसून केलेले हे गृहीतक सह्याद्रीच्या प्रत्येक पाड्याला लागू पडेलच असे नाही.

लोकांचा कल ऊर्जेच्या प्रकारावर कमी आणि व्यवहाराच्या अटींवर जास्त ठरतो, तो असा.

कायदा काय सांगतो?

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६चा पेसा कायदा लागू आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात संपादनापूर्वी ग्रामसभेची संमती बंधनकारक केली आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमीन कसणाऱ्याला तिथून हटवता येत नाही.

पर्यावरणविषयक जनसुनावणी लागू असेल, तर ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. त्यासाठी किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. सुनावणीत मांडलेला प्रत्येक आक्षेप इतिवृत्तात यावा लागतो. त्यामुळे घोषणेपेक्षा लेखी हरकत जास्त टिकते.

पुढे काय व्हायला हवे?

साठवणुकीशिवाय सौरऊर्जा अर्धी राहते आणि संध्याकाळच्या विजेसाठी कोळसा जळत राहतो. हे आटगावच्या रहिवाशालाही मान्य व्हायला हरकत नाही. म्हणूनच या प्रकल्पांना ‘हवा की नको’ अशा दोनच पर्यायांत अडकवणे चूक आहे.

तीन गोष्टी आधी ठरल्या, तर बराचसा संघर्ष टळू शकतो. एक, जलाशयाच्या पहिल्या भरणीआधी परिसरातल्या गावांची पिण्याच्या पाण्याची योजना पूर्ण करणे. दोन, वनहक्क दावे निकाली काढूनच जमिनीची मोजणी करणे. तीन, स्थानिक निधीतून दिलेली सूट राज्याने इथे लागू न करणे. केंद्राच्या २००८च्या जलविद्युत धोरणात प्रकल्पबाधित कुटुंबाला १० वर्षे महिन्याला १०० युनिट विजेची तरतूद होती. वर्षाला हजार कोटींच्या घरात जाणाऱ्या व्यवहारात एवढे मागणे अवाजवी म्हणता येणार नाही.

या दोन तालुक्यांपैकी शहापूरने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मुंबईला पाणी दिले. आता संध्याकाळची वीजही त्यांच्याच डोंगरातून हवी असेल, तर ‘तुम्ही विकासाच्या विरोधात का?’ हा प्रश्न विचारण्याआधी सरकारला ‘तुमचा वाटा किती?’ याचे उत्तर लेखी द्यावे लागेल.