नीनाला कुणी बुडवलं?

रामनवमीच्या उरुसाआधी, शिर्डीत संदलच्या तयारीची गडबड चालू असताना, आमच्या घरात एक बैठक बसली. विषय होता माझी भाची. कोपरगावला कॉलेजात शिकते. तिथल्या पोरांनी चेखवचं 'सीगल' मराठीत बसवायला घेतलंय आणि नटी व्हायची स्वप्नं बघणाऱ्या नीनाची भूमिका तिला मिळालीय.

तिच्या मोठ्या चाचांनी मोबाईलवर नाटकाची गोष्ट वाचून काढली होती. म्हणाले, "बघा, त्या रशियन पोरीचं शेवटी काय झालं. लेखकाच्या नादी लागली, पोर गमावलं, गावोगाव भटकत बसली. स्टेजवर गेलेल्या पोरीचं हेच होतं."

भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मामू, तुम्ही बोला ना."

त्या दिवशी मी नीट बोललो नाही. म्हणून आज लिहितोय.

चाचांनी सांगितलेल्या घटना नाटकात आहेत. नीना त्रिगोरिन या नावाजलेल्या लेखकावर भाळते, घर सोडून मॉस्कोला जाते. तो तिला टाकतो, मूल दगावतं. पण चाचांनी दोन गोष्टी सोडल्या, आणि माझ्या मते नाटक त्या दोन गोष्टींतच आहे.

पहिली गोष्ट घराची. नीनाच्या आईने आपली सगळी मालमत्ता नवऱ्याच्या नावे केली होती. आई गेल्यावर बापाने ती दुसऱ्या बायकोच्या नावे लिहून टाकली. पोरीच्या हातात काहीच उरलं नाही. पुढे ती दुःखी होऊन गावाकडे परतते, तेव्हा बाप आणि सावत्र आई काय करतात? ती वाड्याच्या आसपास फिरकू नये म्हणून पहारेकरी बसवतात. हे स्टेजने केलं का? हे घराने केलं.

आता आपल्याकडे या. स्टेजचं नाव निघालं की आम्हाला लगेच दीन आठवतो. मग मुलीच्या वाट्याच्या वेळी का आठवत नाही? कुरआनने मुलीचा हिस्सा ठरवून दिलाय, तो कुणाची मेहरबानी नाही. तरी बाप गेल्यावर तलाठ्याकडे चकरा सुरू होतात आणि बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर घेतल्या जातात. वर "बहिणीने खुशीने सोडलं" म्हणायचं. त्या बैठकीत बसलेल्या किती जणांनी बहिणीचा हिस्सा मोजून दिलाय, एवढंच मला विचारायचंय. नीनाच्या बापाला नावं ठेवण्याआधी आपला सातबारा काढून बघावा.

दुसरी गोष्ट शेवटाची. एका मारलेल्या समुद्रपक्ष्याकडे बघून त्रिगोरिनला एक कथा सुचते: तळ्याकाठी एक मुलगी असते, एक माणूस येतो आणि काही काम नाही म्हणून तिचा नाश करतो. चाचांनी वाचली ती ही, त्रिगोरिनची कथा. चेखवचं नाटक इथे थांबत नाही. शेवटच्या अंकात नीना स्वतःला तो पक्षी म्हणते आणि लगेच स्वतःचीच चूक दुरुस्त करते, की आपण नटी आहोत. तिला येलेत्सला हिवाळ्याभराचं काम मिळालंय, दुसऱ्या दिवशी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून ती निघणार आहे. सहन करणं आणि काम करत राहणं तिला समजलंय. गोळी कोण झाडून घेतो? तिच्यावर प्रेम करणारा, घरीच राहिलेला तरुण लेखक. नाटकात टिकून राहते ती नीना.

हे नाटक 1896 साली पीटर्सबर्गला पहिल्यांदा झालं तेव्हा साफ पडलं. त्यात नीना झालेल्या व्हेरा कोमिसारझेव्स्काया यांनी 1904 मध्ये स्वतःची नाटकमंडळी उभी केली. स्टेजवर गेलेल्या पोरीचं असंही होतं.

हा रोग फक्त आमच्यातच आहे असं नाही. एक शेजारी ऐकून म्हणाले, "तुमच्यात चालतं का असलं?" त्यांना मी गोहरबाई कर्नाटकींची आठवण दिली. विजापूरकडची ही मुसलमान गायिका 1938 च्या सुमारास गंधर्व नाटक मंडळीत आली. कंपनी बुडाली, बालगंधर्व कंगाल झाले, त्याचं खापर पुढे बऱ्याच मराठी माणसांनी तिच्यावर फोडलं. तारखा मात्र वेगळंच सांगतात. 1932 मध्ये मराठी बोलपट आला. कंपनीवर कर्ज आधीपासून होतं. नाटकं थांबवून बालगंधर्व प्रभातकडे गेले आणि 1935 मध्ये 'धर्मात्मा'त दिसले. तेव्हा गोहरबाई कंपनीत नव्हत्याच. पुढे त्यांचे पाय गेले, तेव्हा ज्यांनी सांभाळलं त्यात गोहरबाई होत्या. पण बाई, त्यात नटी, त्यात मुसलमान. दोष द्यायला आणखी काय लागतं?

आणि शिर्डीकरांनी तरी पायातल्या घुंगरांना नाक मुरडू नये. साईबाबा तकियात घुंगरू बांधून नाचत, गात, असं साईसच्चरित्रातच लिहिलंय. फकिराचे घुंगरू डोक्यावर घ्यायचे आणि पोरीने नाटकात चार वाक्यं बोलली की खानदानाची इज्जत काढायची, हा कुठला न्याय?

अभिनय जायज की नाजायज, हा वाद मी इथे सोडवणार नाही, माझी तेवढी लायकी नाही. पण याच घरातला पोरगा गेल्या वर्षी शॉर्टफिल्ममध्ये होता, तेव्हा कुणी फतवा विचारला नव्हता. तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते.

स्टेजवर त्रिगोरिन भेटत नाहीत असं मी म्हणत नाही. ते सगळीकडे भेटतात, ऑफिसात, क्लासमध्ये, लग्नाच्या बोलणीतही. प्रश्न एवढाच, की असा माणूस भेटला तर पोरीला परत यायला दार उघडं आहे की दारात पहारेकरी आहे. परतीची वाट बंद असली की त्रिगोरिनचं फावतं.

माझ्या बहिणीला खरी काळजी वेगळीच होती. तालीम रात्री आठला संपते, मग पोरगी कोपरगावहून येणार कशी? तेवढं मी माझ्याकडे घेतलंय. मोटारसायकल आहे, पंधरा किलोमीटरचा रस्ता आहे. चाचांनाही प्रयोगाला चला म्हणून सांगितलंय. अजून हो म्हणाले नाहीत. पण प्रयोग किती वाजता आहे, हे विचारलंय.