माशीच्या डोळ्यातून निघालेला तंतू मेंदूत नेमका कुठे उतरतो?

फळमाशी म्हटले की राहात्याच्या पेरू उत्पादकाला बागेत टांगलेले सापळे आठवतात. हा लेख त्या माशीबद्दल नाही. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी, तांबड्या डोळ्यांची, जेमतेम तीन मिलिमीटरची माशी आपण चिलट म्हणून हाताने उडवून लावतो. तिला जीवशास्त्रात ड्रोसोफिला म्हणतात. इंग्रजीत दोघींनाही एकच नाव असल्याने घोळ होतो.

या माशीच्या एका डोळ्यात साधारण ७५० सूक्ष्म डोळे असतात आणि त्या प्रत्येकात प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. म्हणजे एका डोळ्यातून सुमारे सहा हजार तंतू मेंदूकडे निघतात. ही जोडणी माशी अळीच्या अवस्थेत असतानाच सुरू होते. कोणत्या तंतूने कुठे जायचे, हे त्याला कोण सांगते?

इंजिनिअरिंगमध्ये वायरिंगच्या आधी ड्रॉइंग लागते. माशीकडे ते नाही. तिच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी आणि पाच कोटींहून जास्त जोडण्या आहेत. जनुके मात्र १४ हजारांच्या आसपास. एकेका जोडणीचा पत्ता त्यांत लिहून ठेवणे शक्यच नाही.

म्हणून तंतू विचारत विचारत जातो. नगर शहरात माळीवाडा, तारकपूर आणि पुणे अशी तीन बसस्थानके आहेत. नवखा प्रवासी कुठे उतरायचे ते वाटेत विचारतो, तसेच. तंतूच्या टोकाला पंज्यासारखा भाग असतो. स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ कहाल यांनी १८९० मध्ये त्याचे वर्णन केले. हा पंजा शेजारच्या पेशींवरची प्रथिने चाचपत पुढे सरकतो. काही प्रथिने त्याला धरून ठेवतात, काही मागे ढकलतात. आठ पेशींपैकी सर्वांत आधी तयार होणारी आर-८ वाट काढते, बाकीच्यांचे तंतू तिच्या मागोमाग जातात. आर-१ ते आर-६ हे सहा तंतू लॅमिना नावाच्या पहिल्या थांब्यावर उतरतात. हालचाल ओळखण्याची साखळी तिथून सुरू होते. रंगांसाठीचे आर-७ आणि आर-८ पुढे मेड्युलापर्यंत जातात. लॅमिनात ‘इथेच थांब’ हा निरोप ग्लिया नावाच्या मदतनीस पेशी देतात. त्या जागेवर नसतील तर सहाही तंतू थांबा चुकवून पुढे जातात.

या संशोधनाची एक शाखा मुंबईतही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी माशीच्या वास आणि चवीच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यांच्या विद्यार्थिनी, केनियात जन्मलेल्या गोमंतकीय वंशाच्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की वासाचे तंतू मेंदूत कुठे स्थिरावणार, हे रोबो प्रथिने ठरवतात. रोबो म्हणजे राउंडअबाउट. हे जनुक बिघडले की तंतू मध्यरेषेभोवती गोल गोल फिरत राहतात, जणू चौकात रस्ता चुकलेली गाडी! माशीची दृष्टिकेंद्रे एकमेकांत मिसळू नयेत यासाठीही हीच प्रथिने लागतात. याच कुटुंबातले रोबो-३ हे जनुक माणसात बिघडले तर मुलाला जन्मापासून डोळे डावी-उजवीकडे वळवता येत नाहीत आणि पाठीचा कणा वाकत जातो. तेही २००४ मध्येच कळले.

तरीही ‘माशीवर सरकारी पैसा कशाला?’ हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो. तो हसण्यावारी नेऊ नये, पण त्याला उत्तर आहे. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, कारण माणसाच्या डोळ्याच्या नसेतले दहा लाखांहून अधिक तंतू एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. उंदरांमध्ये असे तंतू काही प्रमाणात वाढवता आले आहेत, पण त्यातले बरेच भलतीकडे जातात. नुसती वाढ पुरत नाही, वाट कळावी लागते. वाटेच्या खुणा वाचण्याचे शास्त्र माशीत जितके पुढे गेले आहे, तितके फार थोड्या प्राण्यांत गेले असेल.

शिवाय हा खर्च फार मोठा नाही. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर घातलेल्या एका बाटलीत २५ अंश तापमानाला दहा-बारा दिवसांत माश्यांची नवी पिढी तयार होते. नगर, संगमनेर, कोपरगावच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत अशा चार बाटल्या असायला काहीच हरकत नाही. फक्त झाकण घट्ट लावा, नाहीतर कँटीनवाला तक्रार करेल.